बारकीचं दप्तर

शाळेत मुलांसाठी लॉकर बसवावेत की नाही, हे ठरवायला मोठ्या बाईंनी पालकांची सभा बोलावली, तेव्हा काटेवाला मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात एकच घोकत होता : नको. का नको, हे मात्र चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

सभा चांगलीच रंगली होती. एका आईने मुलीच्या खांद्यावर पट्ट्याचे वळ कसे उठतात ते स्वतःच्या खांद्यावर बोट फिरवून दाखवलं. एका वडिलांना खात्री होती की लॉकरमध्ये वह्या सोडून बाकी सगळं सापडेल, आणि अर्धवट खाल्लेला डबा थेट सुट्टी संपल्यावर वासानेच हुडकावा लागेल. एक आजोबा उठून म्हणाले, आम्हीही दप्तरं वाहिली, आमचं काय वाकडं झालं? एवढं बोलून ते कंबर धरून हळूहळू खाली बसले, त्यामुळे मुद्दा जरासा कमकुवत झाला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शेवटी हात वर केला. शाळेकडे पैसे होते ते एकाच गोष्टीपुरते. एक तर लॉकर, नाही तर नवे बाक. तेव्हा दप्तरं खरंच जड आहेत का ते आधी बघू, असं त्या म्हणाल्या. सोमवारी नववीची सगळी दप्तरं तोलायची. सरासरी सहा किलोच्या वर गेली तर लॉकर, खाली राहिली तर बाक.

"आणि काट्याची चिंता नको. आपल्यात काटेवाले आहेतच."

सगळ्या माना मागे वळल्या. काट्याचं काम आलं की हो म्हणायची जन्माची सवय, त्यामुळे काटेवाला म्हणून गेला, "आणतो की."

वजनकाटे विकायचे, दुरुस्त करायचे, जुळवून द्यायचे, हा त्याचा धंदा. दुकानदाराचा काटा भरदिवसा उचलून नेता येत नाही, गिऱ्हाईक खोळंबतं. म्हणून त्याचं खरं काम दुकानांच्या फळ्या पडल्यावर सुरू व्हायचं, आणि तो घरी पोचेपर्यंत मुलगी एक तर पुस्तकावर डुलक्या घेत असायची, नाही तर झोपलेली. तिची आई शिवणाच्या कारखान्यात पहाटेच निघून जायची. बापलेकीच्या वाट्याला येई ती फक्त सकाळ, घरापासून शाळेपर्यंतची.

मुलीचं घरातलं नाव बारकी. ती आता उंचीने बापाच्या कानापर्यंत पोचली होती, तरी नाव तेच. दप्तर तो घ्यायचा. उचलताना हातावर तोलून वजन सांगायचा, "आज साडेसहा", आणि बारकी म्हणायची, "इतिहास नाहीये ना आज." मग ती बोलायला लागायची. बारकीला बोलायला दोन्ही हात लागत. बाईंच्या नकला, मैत्रिणींची भांडणं, मोठेपणी काय व्हायचं आणि काय अजिबात व्हायचं नाही, सगळं हातवाऱ्यांसकट. दप्तर तिच्या पाठीवर गेलं की ती वाकायची आणि गप्प व्हायची. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी ती दप्तर मागून घ्यायची, कारण तिथून मैत्रिणी दिसू लागत आणि नववीतल्या मुलीचं दप्तर बापाने वाहणं म्हणजे शोभा. मग ती वाकून पुढे जायची आणि तो उरलेला दिवस ढकलायला दुकानात जायचा.

लॉकर आले की पुस्तकं शाळेत राहणार. दप्तर हलकं होणार. हलकं दप्तर उचलायला बाप कशाला हवा? एवढा साधा हिशेब होता, आणि तो त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

रविवारी दुपारी त्याने शाळेसाठीचा काटा जुळवायला घेतला. आकडे दाखवणारा, नवा, गुणी काटा. असा काटा जुळवायचा म्हणजे त्यावर खात्रीचं वजन ठेवायचं आणि बटण दाबून त्याला सांगायचं, की बाबा रे, याला पाच म्हणतात. मग तो आयुष्यभर त्या मापाने जगाला मोजतो. खात्रीचं वजन म्हणजे वडिलांच्या वेळचं पाचाचं लोखंडी वजन, वर कडी असलेलं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. त्या वजनाच्या जिवावर बाजारात त्याचा शब्द चालत होता. दोन दुकानदारांची जुंपली की शेवटी त्याचा काटा मागवायचे.

त्याने पाचाचं वजन ठेवलं.  मग एक किलोचं वजन उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि डोळे मिटून काट्याला सांगितलं, की याला पाच म्हणतात. काट्याने ते निमूट ऐकलं. गुणी होता बिचारा.

सोमवारी सकाळी बारकीचं दप्तर हातावर तोलून तो सवयीने म्हणाला, "सात." आणि लगेच जीभ चावली, पण बारकी तोवर भूगोलाच्या सरांची चाल करून दाखवण्यात गुंगली होती.

शिक्षकांच्या खोलीत काटा मांडला गेला. मुलं ओळीने येऊन दप्तरं ठेवत होती, कारकून आकडा वाचत होता. साडेपाच. पाच नऊशे. पाच तीनशे. लॉकर मागणाऱ्या आईचा चेहरा पडत गेला. तिच्या मुलीचं दप्तर तर तिने स्वतः दोन जाड शब्दकोश घालून भरलं होतं, तेही सातच्या पुढे जाईना. बारकीचं दप्तर आलं आणि काट्याने पाच आठशे तीस दाखवले. बारकीने आकड्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. बाप छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

सरासरी सहाच्या खाली आली. बाक ठरले. काटेवाला वायर गुंडाळायला वाकला, आणि इथे सगळं आटोपलं असतं तर ही गोष्टही इथेच आटोपली असती. पण मुलं दप्तरं तिथेच ठेवून वर्गात गेलेली बघून मोठ्या बाईंनी हळूच चपला काढल्या.

"थांबा जरा. आहेच काटा, तर बघून घेते."

काट्याने पासष्ट दाखवले. बाईंनी उतरून पुन्हा पाय ठेवला, पुन्हा पासष्ट. महिनाभर त्या चहात साखर घालत नव्हत्या आणि याची दखल जगात कोणीच घेतली नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला, की काटेवाल्याला त्या क्षणी स्वतःची आणखीनच लाज वाटली. "अठ्ठ्याहत्तर होते मी," त्या कारकुनाला म्हणाल्या, "लिहून नका ठेवू, पण होते."

बातमी व्हरांड्यातून फिरली आणि खोलीत शिक्षकांची रांग लागली. सगळेच घटलेले निघाले. भाषेच्या बाईंनी तिथल्या तिथे बिस्किटाचा पुडा फोडला, आता हरकत नाही म्हणून. कलेच्या सरांनी हे मानसिक शांतीमुळे झाल्याचं सांगितलं. कवायतीचे सर अंगापिंडाने मजबूत गडी. शिक्षकांसाठी आपण घेत असलेल्या व्यायामाचंच हे फळ, असं सांगत तेही काट्यावर चढले. काट्याने साठ दाखवले.

सर बोलायचे थांबले. ते गेले सहा महिने वजन वाढवायला खुराक खात होते. "बहात्तर होतो मी," ते बारीक आवाजात म्हणाले आणि खुर्चीत बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. डॉक्टरांना फोन करावा का, यावर चर्चा सुरू झाली. कलेच्या सरांनी त्यांना आतून काही पोखरतंय का असं विचारलं, त्याने प्रकृतीला काही उतार पडला नाही.

विज्ञानाचे सर मुळातच काडी. ते भीत भीत चढले. चाळीस आले. उतरताना त्यांनी टेबल धरलं, पण माणूस विज्ञानाचा होता. घाबरून का होईना, ते म्हणाले, "तो पाण्याचा जार ठेवा यावर. वीस लिटर म्हणजे वीस किलो, सहावीपासून शिकवतो मी हे."

न उघडलेला जार ठेवला गेला. काट्याने साडेसतरा दाखवले.

बिस्किट चावणाऱ्या बाईंनी चावणं थांबवलं. सगळे काटेवाल्याकडे बघू लागले. मोठ्या बाईंच्या नजरेत राग कमी होता आणि दुःख जास्त, कारण तेरा किलो इतक्या लवकर परत येतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काटेवाले, काटा बिघडलाय का?"

हो म्हटलं की सुटका होती. पण माझा काटा आपोआप बिघडतो, असं कधी त्याच्या वडिलांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्याच्याही निघेना. "बिघडलेला नाही," तो म्हणाला. "मी केलाय."

लॉकर मागणाऱ्या आईने लगेच विचारलं, बाकवाल्याने किती दिले. हा आळ त्याला सोसला नाही. जे चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं ते त्याने चारचौघांतच सांगितलं.

"कोणी काही दिलं नाही. दप्तर हलकं झालं, की ती माझ्याबरोबर येणार नाही. मला लेक सकाळचीच भेटते हो, बाई. दप्तर आहे म्हणून भेटते."

 मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांचा मुलगा परगावी होता आणि त्याचं सामान तोच उचलायचा. मग काटेवाल्याला दारात बारकी दिसली. दप्तर न्यायला आली होती, आणि तिच्या मागे तिच्या दोन मैत्रिणी.

"काटा नीट करा आणि दप्तरं पुन्हा तोला," मोठ्या बाई अखेर म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी जोडलं, "माणसं नका तोलू."

कवायतीच्या सरांनी मात्र नीट केलेल्या काट्यावर पाय ठेवलाच, आणि बहात्तर बघून डोळे पुसले.

सरासरी सातच्या आसपास आली. लॉकर ठरले, आणि थोड्या दिवसांत आलेही. करडे, उभे, दाराला बारीक जाळी असलेले. बारकीने किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. त्या सोमवारपासून ती बापाशी कामापुरतंच बोलत होती. आता दप्तर पाठीला लावलं तरी ते पाठीवर आहे की नाही कळू नये, इतकं रिकामं. ती मैत्रिणींबरोबर निघायची, ताठ चालायची, आणि दोन्ही हात हलवून बोलायची. तो दारात उभा राहून ते हात गल्लीच्या वळणापर्यंत बघायचा. काय बोलते ते ऐकू यायचं नाही. तिची पाठ सरळ झाली याचा त्याला आनंद होता, खरंच होता. पण सकाळी हाताला काहीतरी उचलायची सवय होती, आणि हात मोकळा राहिला की त्याला कुठे ठेवावा ते कळेना. एकदा तर तो हत्यारांची पिशवी घेऊन पत्रपेटीपर्यंत उगाच जाऊन आला. बारकीची त्याला आठवण यायची, आणि ती तर त्याच घरात राहत होती.

अशात त्याचं पाचाचं वजन हरवलं. कपाटात नाही, दुकानात नाही. त्याने घर उलथंपालथं केलं आणि शेवटी बायकोलाच विचारलं, "तू घेतलंस का?"

"माझ्याकडे बघा नीट," ती म्हणाली. "मला आणखी वजनाची गरज दिसतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चप्पल शोधत होता, तेव्हा बारकी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, दप्तर जड झालंय आज."

त्याने दप्तर उचललं. आत लोखंडाच्या कडीचा ठक् असा आवाज झाला. त्याने ते हातावर तोललं, मग पुन्हा एकदा तोललं.

"सव्वासहा," तो म्हणाला. "कशाने गं एवढं?"

"गणित," बारकी म्हणाली. "नववीचं गणित फार जड असतं."

ते निघाले. गल्ली संपली. मग बारकीचा एक हात सुटला, मग दुसरा. मोठ्या बाईंनी चहात पुन्हा साखर सुरू केली होती. कवायतीचे सर आता रोज मधल्या सुट्टीत स्वतःचे दंड मोजत होते. कितीतरी साठलं होतं. मैत्रिणींनी चिडवलं होतं, हेही तिने सांगितलं. मग त्यातली एक तिला बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, माझे बाबा तर मी कितवीत आहे तेही विसरतात.

पत्रपेटीपाशी ती थांबली. दप्तर उघडून तिने डबा आणि एक पातळ वही काढून घेतली, चेन लावली आणि दप्तर परत त्याच्याच हातात दिलं.

"हे घेऊन जा. दुकानात लागेल ना दिवसभर?"

"लागतं," तो म्हणाला.

"मग येताना आठवणीने आणा. आणि रोज मी नाही हं भरणार. रात्री आलात की तुम्हीच टाकून ठेवत जा."

पलीकडून मैत्रिणी हाका मारत होत्या. ती त्यांच्याकडे निघाली. काटेवाला दप्तर छातीशी धरून उभा राहिला, आणि ती बरीच पुढे गेल्यावर त्याला राहवलं नाही.

"बारके," तो भर रस्त्यात ओरडला, "उद्या दहाचं टाकू का?"

सगळ्या मैत्रिणी वळून बघू लागल्या. बारकी वळली नाही. तिने चालता चालता हात वर केला आणि पाच बोटं दाखवली.