टर्बोच्या कानात कापूस

जानेफळ येथील राजकुमार भगवानराव यांचे लग्न जमत नव्हते. या वस्तुस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करून त्यांनी आपल्या गाडीचा टर्बो मोठा करून घेतला.

या दोन घटनांमधला संबंध परक्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. प्रसेनजितच्या तो आला. एक तर तो राजकुमारचा शाळेपासूनचा मित्र होता, आणि दुसरे म्हणजे मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे कारण आणि कार्य यांच्या मधल्या जागेत लोक काय काय भरतात, हे पाहण्याची त्याला सवय होती. मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. तिथे उत्तर नकारार्थी आले की दुसरा प्रश्न येतो, मग मुलाजवळ आहे तरी काय? राजकुमारजवळ शेत होते आणि खत-बियाण्यांचे दुकान होते. पण शेत अंगणात उभे करता येत नाही, आणि खताच्या दुकानात पाहुण्यांना फार वेळ बसवता येत नाही. गाडी उभी करता येते. गाड्या आता सगळ्यांजवळच असतात, म्हणून ती वेगळी असणे ओघानेच आले.

त्यानुसार संभाजीनगरच्या एका गॅरेजात गाडीचा जोर जवळपास दीडपट करण्यात आला. एवढ्या जोराची गाडी रोज घरापासून दुकानापर्यंत जाई आणि संध्याकाळी तेवढेच अंतर परत येई. हे अंतर शेजारचा म्हातारा तंबाखू मळता मळता पायी तोडत असे.

कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली तेलाच्या पेटीत उतरतोच. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जोरात फिरू लागला की हा वायूही वाढतो. त्याला वाट म्हणून कंपनीने एक नळी दिलेली असते. ती हा वायू परत इंजिनात नेते आणि तिथे तो जळून जातो. गॅरेजवाल्याने ही नळी तोडून एका चकचकीत ॲल्युमिनियमच्या डब्याला जोडली, डब्याची दुसरी नळी खाली मोकळी सोडली, आणि थंडीच्या दिवसांत डबा वरचेवर रिकामा करत जा, असे बजावले. राजकुमार डबा रोज पुसत असे. तो रिकामा करणे त्याला डब्याच्या इभ्रतीला शोभणारे वाटले नाही.

डिसेंबरात थंडी पडली. दुकान इतके जवळ की इंजिन गरम होण्याच्या आत बंद करावे लागे. वायूतल्या वाफेचे आतल्या आत पाणी होई आणि ते तेलाबरोबर घुसळले जाई. एका सकाळी राजकुमारने तेल पाहण्यासाठी झाकण उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पांढरा, दाट, तुकतुकीत थर चढला होता. त्याची आई झुंबरबाई मागेच उभी होती. जन्मभर दूधदुभत्यात वावरलेल्या त्या बाईने एका नजरेत निदान केले.

"माय वो, इच्यात तं लोणी येऊन राह्यलं."

वडील भगवानरावांनी गाडीला कोणते पेट्रोल घालतो, याची चौकशी केली.

लोण्यापाठोपाठ नळीतून पाणचट, करड्या रंगाचे थेंब अंगणात पडू लागले. राजकुमार गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडले, डबा पाहिला आणि बॉनेट तितक्याच सभ्यतेने लावून घेतले. या इंजिनात बाहेरील व्यक्तीने फेरफार केलेला असल्याने कंपनी त्याला आपले इंजिन मानू शकत नाही, आणि जे आपले नाही त्याच्या आरोग्याविषयी मत देणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, असे त्यांनी सांगितले. गॅरेजवाल्याने फोनवर कळवले की त्याने केलेल्या कामाला हमी आहे, हवामानाला नाही. प्रदूषण तपासणी केंद्राने मागच्या धुराड्यात नळी घातली, आकडे पाहिले आणि गाडी निर्दोष ठरवली. पुढे बॉनेटखालून वाफ येत आहे, हे राजकुमारने नजरेस आणून दिल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने समजावले की प्रदूषण मागून आले तरच ते प्रदूषण असते. पुढून येते ते वैयक्तिक.

अशा रीतीने गाडीत दोष आहे आणि तो कोणाच्याही अखत्यारीत नाही, हे तिन्ही स्तरांवर सिद्ध झाले. नेमक्या त्याच आठवड्यात धाड गावच्या पाहुण्यांचा निरोप आला.

हे स्थळ साधे नव्हते. मुलगी अश्विनी रसायनशास्त्राची पदवीधर होती, फोटोवरून राजकुमारला मनापासून आवडली होती, आणि यापूर्वीची सगळी स्थळे जिथे तुटली तो नोकरीचा प्रश्न तिच्या घरच्यांनी अजून विचारला नव्हता. तो प्रश्न तिच्या मामासाहेबांनी राखून ठेवला होता. मामासाहेब महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले होते, आणि स्थळपाहणीला ते पीकपाहणीच्याच गांभीर्याने जात. शिवाय आता मुलगीही घर पाहायला येते अशी नवी पद्धत निघाली असल्याचे सांगून अश्विनी स्वतः येणार होती. राजकुमारने प्रसेनजितला रविवारी सकाळीच बोलावून घेतले. मुलाचा मित्र प्राध्यापक असणे ही गोष्ट गाडीखालोखाल मोलाची होती.

प्रसेनजित पोहोचला तेव्हा गाडी अंगणात धुऊन उभी होती आणि तिच्याखाली थेंबाचाही डाग नव्हता. त्याला आनंद होण्याऐवजी शंका आली. त्याने बॉनेट उघडले. डब्याच्या मोकळ्या नळीच्या तोंडात घरच्या कापसाचा एक घट्ट बोळा ठासून बसवलेला होता आणि त्याला ओव्याच्या तेलाचा वास येत होता.

झुंबरबाईंनी खुलासा केला. गाडीचे नाक गळत होते, म्हणजे सर्दी होती. सर्दी होते थंडीने आणि थंडी शिरते कानातून, हे कोणालाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी कानात बोळा घातला होता आणि गळणे तत्काळ थांबले होते. या युक्तिवादात प्रसेनजितला एकच चूक सापडली, पण ती सुरुवातीलाच होती.

"राजा, हा काढून टाक," तो म्हणाला. "आतला वायू कोंडला तर जागा शोधल. जिथं कच्चं असल तिथून निंगल."

"अबे, आज नको ना," राजकुमार म्हणाला. "अंगणात ठिपका पडला तं मामासाहेब त्याची नोंद घेतीन. माह्या लग्नाचा सवाल हाये."

"इंजिनाचा बी हाये."

त्यावर भगवानरावांनी मित्रांमधल्या वादाचा शेवट केला. "सर, पाहुणे गेले का काढू आपण. तवरोक इंजिनाले जरा दम धरू द्या. आमी नाही का धरून बसलो?"

प्रसेनजितने बॉनेट लावले. विज्ञानाचे नियम सार्वत्रिक असले तरी पाहुणे यायच्या दिवशी त्यांचा आग्रह धरायचा नसतो, एवढे त्यालाही कळत होते.

पाहणी रीतसर पार पडली. मामासाहेबांनी विहीर वाकून पाहिली, गोठा मोजला, हॉलमधल्या नव्या सोफ्यावर बसून तो दाबून पाहिला, भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरील शिक्के वाचले. राजकुमार कोपऱ्यात पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता. चांगल्या घरचा मुलगा पाहणीच्या वेळी बोलत नाही. अश्विनीने दोनदा त्याच्याकडे पाहिले. दोन्ही वेळा त्याच्या वतीने भगवानराव हसले.

मग गाडीची पाळी आली. मामासाहेबांनी ती सुरू करायला लावली, खाली वाकून फरशी पाहिली आणि "स्वच्छ" असा शेरा दिला. राजकुमारचा चेहरा उजळला. पण शेरा दिल्यावर प्रत्यक्ष स्थळावर खात्री करण्याची मामासाहेबांना खोड होती. ते पुढच्या सीटवर बसले, मागे अश्विनी आणि प्रसेनजित बसले, आणि गावाबाहेरच्या चढावर गाडीचा जोर पाहू, असे ठरले.

जागच्या जागी गुरगुरताना इंजिनाला फार दम लागत नाही. चढावर मामासाहेब "अजून" म्हणाले तसा राजकुमारने पाय दाबला, टर्बोने शिट्टी घातली आणि बोळ्यामागे कोंडलेल्या वायूने आपली जागा शोधली. आधी जळक्या तेलाचा वास आला, मग बॉनेटच्या फटींतून धूर. राजकुमारने गाडी कडेला घेतली. मामासाहेब तत्काळ उतरले, इंजिन चालू ठेवण्याची आज्ञा करून त्यांनी स्वतः बॉनेट उघडले आणि आत डोकावले. तेल मोजायची सळई आपल्या भोकातून उसळून बाहेर आली होती. त्या भोकातून इंजिनाने सकाळपासून धरून ठेवलेला श्वास मामासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोडला.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली. ट्रॅक्टर हे भगवानरावांच्या घरातले एकमेव इंजिन होते, ज्यात कोणी सुधारणा केली नव्हती.

अंगणात चौकशी बसली. अंगावर गरम तेल उडाले तरी मामासाहेबांना भाजले नव्हते, सदऱ्याच्या आतला स्वेटर जाड होता. पण सदऱ्याचे जे झाले त्याला जबाबदार कोण, हे ठरवणे प्राप्त होते. प्रसेनजितने वायूची वाट, बोळा आणि दाब यांचा क्रम दोन वाक्यांत सांगितला. सगळ्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि बाजूला ठेवला. त्यानंतर अश्विनी पहिल्यांदा बोलली.

"बोळा कोनं घातला?"

"मीनं घातला, बाई," झुंबरबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"तुमी येऊन राह्यल्या व्हत्या म्हनून."

अश्विनीने क्षणभर विचार केला. "मंग आमी येऊन राह्यलो म्हनून अजून काय काय दाबून ठेवलं, ते बी सांगून टाका. गाडीचं तं समजलं."

भगवानराव चहाचे विचारणार, इतक्यात राजकुमारने तोंड उघडले. स्थळ तर गेलेच आहे, अशी खात्री झालेल्या माणसाच्या निर्धास्तपणे तो बोलत होता. बायोडाटात लिहिलेली जमीन त्याच्या एकट्याची नव्हती, काकाची धरून होती. त्यातलाच सोलर पंप म्हणजे नुसता पंपाचा अर्ज होता. हॉलमधला सोफा शेजारच्या विमलबाईंचा होता आणि त्यांच्याकडे संध्याकाळी पाहुणे असल्याने तो चारच्या आत पोचवायचा होता.

"अन् खरं सांगू का," तो शेवटी म्हणाला, "मले ह्या गाडीचं भेव वाटते. आजपावतर मी तिसऱ्या गेरच्या वर गेलो नाही."

अश्विनी हसली. सकाळपासून त्या घरात पाहुण्यांपैकी कोणी हसल्याची ही पहिली वेळ होती.

मामासाहेब उभे राहिले. एवढ्या गंभीर अनियमितता आढळल्यावर हे स्थळ नामंजूर करण्यावाचून गत्यंतर नाही, असे ते म्हणू लागले. आमच्या बाजूने मात्र सर्व पारदर्शक आहे, असेही त्यांनी जोडले. ते जोडले नसते तर बरे झाले असते.

"मामा," अश्विनी म्हणाली, "तुमी मंडळ अधिकारी कवा व्हते?"

मामासाहेब निवृत्त होताना तलाठी होते. मंडळ अधिकाऱ्याचा प्रभार त्यांच्याकडे एकदा होता, तोही दिवाळीच्या सुट्टीत. पाठोपाठ अश्विनीने स्वतःचेही सांगून टाकले. ती ज्या क्लासमध्ये शिकवते असे लिहिले होते तो उन्हाळ्यातच बंद पडला होता, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणजे सध्या फक्त अर्ज भरणे चालू होते.

आता तिढा पडला. दोन्ही घरांचे सारे बाहेर आल्यामुळे कोणालाच कोणाला नाकारण्याचा अधिकार उरला नव्हता, आणि ट्रॅक्टरमागोमाग अंगणात जमलेल्या गावाने हे सारे ऐकल्याने दुसरीकडे पाहायला जाण्याची सोयही उरली नव्हती. मामासाहेबांनी बराच वेळ सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिले आणि निर्णय दिला, की उभय पक्षांतील दोष समसमान असल्याने हे स्थळ अनुरूप मानण्यास हरकत नसावी. तोवर राजकुमार आणि अश्विनी विमलबाईंचा सोफा उचलून त्यांच्या घरी पोचवायला गेले होते. त्यांना यायला जरा उशीरच झाला.

सोमवारी प्रसेनजितने हा सारा प्रसंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितला. दाब, वायू आणि थंडीतले संघनन यांचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही, असे त्याला वाटत होते. सहकारी पोट धरून हसले. हसणे ओसरल्यावर प्रश्न येतील, म्हणून तो थांबला. इंजिनाचे पुढे काय झाले, सील गेले का, तेल बदलले का, हे विचारणे स्वाभाविक होते.

एका ज्येष्ठ सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सर, मुलाचं आडनाव काय म्हणालात?"

"म्हणालो नाही."

"तरी पण? बरं, मुलीकडचं?"

इंजिनावर त्याचा काय परिणाम होतो, असे प्रसेनजितने विचारले.

"छे, छे. सहज विचारलं."

प्रसेनजितचे स्वतःचे आडनाव याच स्टाफरूमने तो रुजू झाला त्या दिवशी विचारून घेतले होते. तेही सहजच. त्याने तास आहे म्हणून सांगितले आणि तो उठला.

या हकिकतीतही आडनावे कुठे आलेली नाहीत. वाचकांना त्यांची उणीव भासली नसेल तर उत्तमच. पण भगवानराव, झुंबरबाई, प्रसेनजित अशा नावांवरून कोणाचा अंदाज आधीच बांधून झाला असेल, तर तो बरोबर निघाला की चुकला, हे कळवण्याची सोय नाही. कोणत्या नावापाशी बांधला, हे मात्र त्यांचे त्यांना ठाऊक आहे.