मडक्यातल्या शेवटच्या दोन गोट्या

आमच्या गावात प्रत्येकाच्या वाट्याचे होकार आणि नकार जन्मतःच मडक्यात भरून मिळतात. पांढरी गोटी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. दोन्ही सारख्याच संख्येने असतात. नगरपरिषदेने त्यात कधी दुजाभाव केलेला नाही. पुढचं जाणून घ्यायचं असेल तर मडकं घेऊन कार्यालयात यायचं, प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि फडक्याखाली हात घालून न बघता गोटी काढायची. निघेल तसंच घडतं. काढलेली गोटी परत मडक्यात जात नाही. लोक हातापाया पडतात, पण नियम तो नियम.

मडके विभागाच्या खिडकीवर मी बसतो. माणसं ऐन तारुण्यात लग्न, नोकरी, मूल यांवर मूठमूठ गोट्या उधळतात आणि म्हातारपणी खडखडाट ऐकत बसतात. सांगून कोण ऐकतं?

सोमवारी अनसूयाबाई गुरसाळे आल्या. त्यांचे यजमान, बापू, आठवडाभर तालुक्याच्या दवाखान्यात पडून होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता मडक्यावरच आहे, म्हणाले.

"किती उरल्यात?" मी विचारलं.

"दोन. येक धवळी, येक काळी. काढलेल्या समद्या लोणच्याच्या बरणीत ठिवल्यात, मोजून आलेय."

मला वाईट वाटलं. म्हणालो, "मग थेट विचारा, बापू बरे होतील का. देवाचं नाव घ्या."

"आन् काळी निगाली तर?"

बाईंनी पदर सावरला, मडकं पुढ्यात ओढलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आज माज्या पिठल्यात गुठळ्या व्हतील का?"

मी हां हां म्हणेपर्यंत गोटी बाहेर आली होती. पांढरी.

शेवटचा होकार पिठल्यातल्या गुठळ्यांवर खर्च! मडक्यात आता काळीच होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खरं सांगतो, मला रडू येत होतं. बाई मात्र शांत होत्या.

"व्हऊ देत गुठळ्या," त्या म्हणाल्या. "आता दुसरा. आमचं मालक माज्या आदी जात्याल का?"

त्यांनी हात घातला आणि काळी गोटी काढून माझ्यासमोर ठेवली. नाही.

मी नियमावली काढून पाहिली. गोटी कशी काढायची यावर सोळा कलमं आहेत. प्रश्न कसा विचारायचा यावर एकही नाही. मी शिक्का मारला.

"बाई, मडकं रिकामं झालं. आता तुम्हाला काही विचारता येणार नाही."

"इचारायचं काय ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या आणि रिकामं मडकं पाण्याला होईल म्हणून काखेत मारून गेल्या.

बापू आठ दिवसांत काठी टेकत घरी आले. सगळा प्रकार कळल्यावर आनंद राहिला बाजूला, ते तडक माझ्या खिडकीशी येऊन भांडले.

"म्हंजी ही म्होरं जानार आन् मी मागं भिताडं बघत बसू? ह्ये तुमाला चालतं?"

मी म्हणालो, "नियमात बसतं."

बापू जन्माचे कंजूष. त्यांनी आयुष्यात कधी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते हातगाडीवर मडकं घालून आले, काठोकाठ भरलेलं. त्यांना शेवटच्या गोटीपर्यंत पोचायचं होतं. ती पांढरी उरली तर विचारायचं, आम्ही दोघं एकाच दिवशी जाऊ का? काळी उरली तर विचारायचं, आमच्यातलं कुणी मागं राहील का? तोवर मधल्या सगळ्या गोट्या फालतू प्रश्नांवर संपवायच्या. बाईंनी त्यांना त्यासाठी दुसरी बरणी धुऊन दिली आहे.

"बापू, एका बैठकीत उरकून टाका," मी सुचवलं. "मी जेवणाची सुट्टी सोडतो."

"का वो? घाई कुनाला हाय?"

तेव्हापासून ते रोज सकाळी येतात आणि एकच प्रश्न विचारतात. काल विचारलं, "आज भाकरी फुगंल का?" काळी निघाली. बापूंनी ती बंडीच्या खिशात टाकली आणि चपटी भाकरी खायला खुशीत घरी गेले.