हिल्डिंगकाकांची जाळी

औषध लावायला लागल्यापासून हिल्डिंगकाकांचे केस दुप्पट गळायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं. “टक्कल घराण्यातूनच आलंय, आईकडूनही आणि वडलांकडूनही. तेलं, शांपू, पावडरी, कशालाच धड पुरावा नाही. या औषधाला आहे. आधी जास्त गळतील, घाबरू नका. सहा महिने लावून बघा. आणि सोडलंत, तर राखलेलेही जातील.”

“म्हणजे आयुष्यभर?”

“केस हवे असतील तोवर.”

कुणासाठी हवेत, हे बाईंनी विचारलं नाही. काकांना फोन यायचा तो फक्त दातांच्या दवाखान्याचा.

गोथेनबर्गमधल्या आमच्या इमारतीत जिन्यावर पावलं वाजली, की ती विरेपर्यंत दाराआड थांबायचं, ही सभ्यता. तळघरातल्या सामाईक धुलाईघरात काकांची पाळी गुरुवारी चारला, तिसऱ्या मजल्याची सहाला. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मग भिंतीवर चिठ्ठी आली.

“वाळवणयंत्राच्या जाळीत केस अडकतात, ती साफ करायची असते. तुमचा कुत्रा फार गळतोय. – तिसरा मजला.”

काकांनी खाली लिहिलं, “कुत्रा नाही. मीच गळतोय. माफ करा.”

पुढच्या गुरुवारी उत्तर. “अरेरे. आमचे हे कांद्याचा रस चोळायचे. केस गेले ते गेलेच, वर पाहुणेही यायचे थांबले.”

काका हसले. स्वतःचं हसणं इतकं अनोळखी वाटलं, की त्यांनी मागे वळून पाहिलं.

त्यानंतर जाळी साफ करायची त्यांनी सोडूनच दिली. दर गुरुवारी एक टोमणा, एक उत्तर. पण औषधाला पुरावा होता ना. चौथ्या महिन्यात गळणं थांबलं. जाळीत केस नाहीत, भिंत रिकामी.

दोन गुरुवार काकांनी कळ काढली. मग न्हाव्याकडून फरशीवरचे मूठभर केस मागून आणले आणि जाळीत पसरले. पुढच्या गुरुवारी भिंतीवर चिठ्ठी.

“हे लांब तांबूस केस तुमचे नव्हेत. घरी कुणी राहायला आलेलं दिसतंय. छान झालं. आता चिठ्ठ्यांचा त्रास देणार नाही. – गुनव्हॉर.”

काका तसेच तिसऱ्या मजल्यावर गेले आणि न कळवता घंटी वाजवली. असं आमच्याकडे फक्त अग्निशामक दल करतं.

“अहो, कुणीही आलेलं नाही,” दार उघडताच ते म्हणाले. “केस न्हाव्याकडचे आहेत.”

गुनव्हॉरबाई त्यांच्या डोक्याकडे बघत राहिल्या. “तुमचे आता गळत नाहीत?”

“नाही ना. तीच तर पंचाईत झाली.”

“या आत. कॉफी टाकते. पण जरा मोठ्यानं बोला हं, आवाज आहे.”

न्हाणीघरात त्यांचं स्वतःचं धुलाईयंत्र घरघरत होतं. वर वाळवणयंत्र. दोन्ही चांगली दहा वर्षं जुनी, रोजच्या वापरातली.