रबराच्या जळवा

“पोराला शिनेमात घालायचं ठरलंय,” मनुबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता सुनेला सांगितलं, आणि शालिनीच्या हातातला उगाळायचा हिरडा सहाणेवरून निसटून चुलीपर्यंत गेला.

“कुणाच्या पोराला?”

“आपल्या. बाळासोला. आनि कुनाच्या?”

औंधच्या डोंगराखाली कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीनं तळ ठोकला होता. यादवांच्या काळातल्या राजवैद्यावर बोलपट निघत होता आणि आजारी राजपुत्र म्हणून त्यांना एक तान्हं मूल हवं होतं. मनुबाईंचा विचार सरळ होता. त्यांचा मुलगा अर्जुना ब्रह्मदेशाच्या लढाईवर. पोर झाल्यापासून त्यानं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फौजेत तंबू ठोकून बोलपट दाखवतात, हे त्यानंच घरी कळवलं होतं.

“बापाला रजा मिळंना, तर पोरानं जायाचं पडद्यावरनं. काय चुकलं माजं?”

चुकलं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत. शालिनी सांगलीत इतिहास घेऊन बी. ए. झालेली. मूल ती उकळलेल्या पाण्यावर आणि मनगटावरच्या घड्याळावर वाढवत होती. घड्याळ अर्जुनरावांनी जाताना बांधलेलं. आंघोळीपुरतं सोडलं तर ते कधी उतरत नसे. परक्या माणसांत बाळ न्यायला ती तयार नव्हती. पण “बापाला दिसूदे की एकदा,” या वाक्यापुढे बी. ए.चं काही चाललं नाही.

दोघी बाळाला घेऊन गेल्या तेव्हा देवळाच्या ओवरीत राजवाडा उभा केला होता. पाळणा टांगलेला, शेजारी राजवैद्य बसलेला. राजवैद्याचं काम वजीर नावाचा मिरजेचा नट करत होता; गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला गंध, डोळ्यांवर जाड चष्मा. पाळण्याशेजारी एक बाटली होती. शालिनीनं पहिली तीच पाहिली.

“ह्यात काय आहे?”

“औषध. म्हणजे रंगाचं पाणी,” दिग्दर्शक लालासाहेब म्हणाले.

“कसला रंग?”

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. “असला रंग मी मुलाच्या ओठाला लागू देणार नाही,” ती म्हणाली, तशी सगळी कंपनी हसली. “आईसाहेब, तुम्ही जरा तिकडं खांबाशी बसा बघू.”

शालिनी खांबाशी गेली. मग तिथूनच म्हणाली, “यादवांच्या काळात अशी बुचाची बाटली नव्हती.”

लालासाहेबांचा चेहरा एकदम पडला. मागल्या ऐतिहासिक बोलपटात त्यांच्या भटारखान्यात बटाटे दिसले होते आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांनी त्यांना सोलून काढलं होतं.

“नव्हती? मग काय होतं?”

“सहाणेवर उगाळून बोटानं चाटवत.”

“काढा रे बाटली! आई, तुम्ही काय शिकलाय?”

“इतिहास.”

“मग खांबाशी काय करताय? इकडं या!”

आपली भीती इथे कुणी ऐकणार नाही, पण इतिहास ऐकतील, हे शालिनीला कळून चुकलं. मग ती सुटलीच, खरं-खोटं मिसळून. पाळण्यावर टोकदार सळईचा लामणदिवा लटकत होता, तसला त्या काळात नव्हता. उदाचा धूर तान्ह्याजवळ करत नसत. वजीरचा चष्मा सारखा घसरत होता, तो बाळाच्या डोळ्यांत पडेल म्हणून तिनं तोही काढायला लावला.

“बाई, चष्म्याबिगर मला माझा हात दिसत न्हाई,” वजीर कळवळला.

“राजवैद्याला दिसत होता,” लालासाहेब म्हणाले. “काढ.”

शेवटी आल्या जळवा. बाळाच्या अंगातलं वाईट रक्त जळवा लावून काढायचं, हाच प्रवेश होता. जळवा रबराच्या होत्या, काळा तेलरंग फासलेल्या. बाळासोनं एक मुठीत पकडली आणि थेट तोंडाकडे नेली. शालिनीनं ती हिसकावली. “रबर! यादवांच्या काळात रबर कुठलं? आंधळ्यालासुद्धा कळेल.”

“खरंच की!” लालासाहेब हादरले. “पण काय हो, लहान पोरांना जळवा लावायचे का त्या काळी?”

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण कॉलेजात पाठ केलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. “जुन्या वैद्यकात तसंच आहे. बालक, वृद्ध, भित्री माणसं, यांना जळवाच लावाव्यात.”

“झकास! ए धुळा, तळ्यावर जा. खऱ्या आन!”

शालिनीनं जीभ चावली. धुळा धनगर मडकं घेऊन आला तोच खुशीत. “म्हशीच्या पायावरच्या हायती, मालक. लय उपाशी हायती, बगा कशा वळवळत्यात.”

“लावायची नाही हो, नुसती जवळ धरायची,” लालासाहेबांनी समजूत घातली. “आणि आता थांबता येत नाही. लढाईपायी फिल्म मिळते कुठं? एकदाच घेणार. चूक झाली तर राजपुत्राचा प्रवेशच कापायचा.”

म्हणजे बाळासो बापाला दिसणारच नव्हता. मनुबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. “गप ऱ्हा. माजा अर्जुना बगनार हाय.”

कॅमेरा फिरू लागला. राजवैद्यानं मडक्यात हात घातला. जळू वर आली, लांब झाली, पाळण्यावर लोंबू लागली. बाळासो आनंदानं हसला, हात वर करून.

“वजीर, जरा डावीकडं,” लालासाहेब पुटपुटले.

“दिसंना मला!” वजीर तोंड न हलवता म्हणाला. “कुठं गेली? आई गं, माझ्या मनगटावर चढली!”

त्यानं हात झटकला. जळू उडाली.

शालिनीनं काय केलं ते तिलाच कळलं नाही. दंड सोडवून ती धावली, बाळाला उचलून तिनं छातीशी दाबलं आणि पाळण्याकडे पाठ करून उभी राहिली. जळू बाळाच्या अंगावर नव्हती. पाळण्यात नव्हती. ती लालासाहेबांच्या पोटरीवर होती. पण ते त्यांना फिल्म संपल्यावर समजलं.

“घेतलं सगळं?” त्यांनी खाली वाकून ओरडत विचारलं.

“घेतलं,” कॅमेऱ्यामागून उत्तर आलं. “दाई लई खरी वाटली.”

बोलपट साताऱ्यात लागला तेव्हा निम्मं गाव बैलगाड्यांनी गेलं. पडद्यावर एक दाई धावली, तिनं बाळाला उचललं. बाळाची पाठ दिसली, टोपरं दिसलं, तोंड काही दिसलं नाही. आणि त्या दाईच्या मनगटावर, दिव्याच्या उजेडात लखलखत, घड्याळ होतं. थिएटर हसून लोळलं. शालिनीनं पदर डोळ्यांवर ओढला. परतीच्या गाडीत मनुबाई एवढंच म्हणाल्या, “लेकराचं तोंड तेवढं दावायचं व्हतंस गं.” मग कितीतरी महिने तो विषय घरात निघाला नाही.

लढाई संपली आणि अर्जुनराव आले. आता चालू लागलेला बाळासो त्यांना पाहून आजीच्या लुगड्यात शिरला. जेवणं झाल्यावर मनुबाईंना राहवेना.

“व्हय रं, तो शिनेमा दावला का तुमच्यात?”

“दावला की. तंबूत.”

शालिनीनं ताटं उचलायचं थांबवलं.

“पोराचं तोंड दिसलं?”

“न्हाई.”

मनुबाईंनी सुनेकडे पाहिलं. अर्जुनराव मिशीतल्या मिशीत हसत होते.

“सगळी पलटन हसत हुती, आये. जुन्या काळची बाई आन् हातात घड्याळ! मीबी हसत हुतो. मग घड्याळाचा पट्टा बगितला आन् उठून हुबा ऱ्हायलो. म्हनलं, गप बसा रं, वैनी हाय तुमची! आन् पदराखाली हाय ते माजं पोरगं हाय!”

“मग?”

“मग काय? शिनेमावाल्याला तेवढाच तुकडा फिरून फिरून लावाय लावला. पोरं टाळ्या पिटत हुती.”

मनुबाई डोळे पुसत बाहेर गेल्या. अर्जुनरावांनी हळूच विचारलं, “पर मला एक सांग. तू इतिहास शिकलीयास. त्या काळात घड्याळ व्हतं का गं?”

शालिनीनं मनगटावरचा पट्टा सारखा केला.

“होतं,” ती म्हणाली.