मिशीची रुंदी

आबासाहेबांच्या फोटोत मिशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वादोन इंच भरली. चंद्रभानने फूटपट्टी पुन्हा लावून पाहिली. पहिल्या पानाचा रकाना होता दोन इंचांचा. पाव इंच मिशी कुठेच मावत नव्हती.

पूर्णा स्टेशनाजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात चंद्रभान कारकून होता. हैदराबादच्या एका गिरणीचं छापील पत्रक पाहून आल्यापासून मालक आबासाहेबांनी आपल्या जिनाचंही पत्रक काढायचं मनावर घेतलं होतं. चार पानं, मराठीत, कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांना आणि जिनातल्या मजुरांना फुकट.

"मिशी कापायची न्हाई," आबासाहेब म्हणाले. "फोटो दोन्ही रकान्यांत घे."

"मग तुमचं निवेदन खाली सरकतंय, मालक."

"पानाचा आकडा काढून टाक. एक ओळ सुटंल."

"एका पानाचा काढला तर समद्यांचाच काढावा लागंल. न्हाईतर बरं दिसत न्हाई."

"मग काढ की! चार पानं लोकाला मोजता येत न्हाईत का?"

आकडे गेले. तरी निवेदनाच्या शेवटच्या तीन ओळी दुसऱ्या पानावर गेल्याच.

तिसऱ्या पानाच्या तळाशी चंद्रभानने एक चौकट टाकली. आवारात उघड्यावर बसून कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या सतरा बाया तीन वर्षांपासून छप्पर मागत होत्या. गेल्या चैत्रात त्यांच्यातली कडूबाई चक्कर येऊन कापसाच्या ढिगातच पडली होती. आबासाहेब नाही म्हणत नसत आणि हो म्हणत नसत. दर वेळी म्हणत, "बघू." शेवटी बायांची मुकादम मनकर्णाबाई चंद्रभानच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "चंद्रभानभाऊ, तुमच्या कागदात आमचं बी लिवा."

आबासाहेबांनी चौकट वाचली आणि ते हसले. "असू दे. पानाच्या बुडाला कोण बघायलंय?"

परभणीच्या छापखान्यात पानं जुळवायचं काम भुजंगकाकांकडे होतं. काकांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, आणि तीस वर्षं त्यांनी उर्दूचीच पानं जुळवली होती. मराठी मजकूर त्यांनी डोळ्यांनी नीट तपासला, एक काना चुकू दिला नाही. पानं मात्र त्यांच्या हातांनी लावली, आणि हातांना जुनी सवय होती. अंक उजवीकडून उघडेल असा छापला गेला. पानांवर आकडे असते तर काकांच्याही लक्षात आलं असतं.

गठ्ठे छापखान्यातूनच बसने गावोगाव गेले. जिनात अंक आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. घडी डाव्या हाताला धरून आबासाहेबांनी अंक समोर धरला. पुढे चौथं पान होतं. त्यावर वरतीच ठळक अक्षरात छापलं होतं, 'जिनाच्या आवारात काळी शेळी सापडली आहे. उजवा कान फाटका. ओळख सांगून न्यावी.'

"चंद्रभान! माज्या जागी शेळी?"

"तुमी पाठीमागं हाव, मालक."

"शेळीच्या मागं?"

तेवढ्यात धोंडीबा धनगर दारात येऊन रामराम घालू लागला. "मालक, शेळी माजी हाय. राणीसावरगावात चावडीवर वाचलं समद्यांनी. गरिबाची शेळी पयल्या पानावर घातली! लय मोठं मन हाय तुमचं." त्याच्यामागे त्याच शेळीचे आणखी दोन मालक उभे होते.

"समदे अंक परत मागव!" आबासाहेब ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

पण आवारातून सतराही बाया कचेरीकडे येत होत्या. पुढे मनकर्णाबाईच्या हातात कुंकवाची डबी आणि पत्रक होतं. मागच्या पानावर आबासाहेबांच्या फोटोला ठसठशीत कुंकू लागलं होतं.

"मालक, तुमी शब्द दिला बगा. काल चावडीवर वाचून दाखवला आमाला," मनकर्णाबाई म्हणाली.

"कसला शब्द?"

चंद्रभानने अंक उघडला. डावीकडे तिसरं पान आलं होतं, उजवीकडे दुसरं. त्याने सरळ डावीकडून उजवीकडे वाचलं. डाव्या पानाच्या तळाशी होतं, 'बायांच्या डोक्यावर छप्पर कधी येणार?' आणि उजव्या पानाच्या माथ्यावर निवेदनाच्या त्या तीन ओळी होत्या. 'हे काम पाडव्याच्या आत पुरे होईल. खांब सागवानी असतील आणि वर आमचे नाव असेल. हा आबासाहेबांचा शब्द आहे.'

आबासाहेबांनी चंद्रभानला जवळ ओढलं. "आरं, ते जिनाच्या दारात बांधायच्या कमानीचं हाय!" ते कुजबुजले.

"व्हय मालक. पण कमान पयल्या पानाच्या तळाला हाय, अन् ते पान आता शेवटी गेलंय."

"मग लोकायनी वाचलं असंल की!"

"पानाच्या बुडाला कोण बघायलंय, मालक?"

कडूबाई पुढे झाली. "नाव मोठ्या अक्षरात लिवा, मालक. आमाला वाचता येत न्हाई, पण त्याच्या सावलीत बसू."

धोंडीबा शेळी विसरून ऐकत होता. दाराशी कमानीचं सागवान रचून ठेवलेलं होतं. आबासाहेबांनी त्या सागवानाकडे पाहिलं, मग सतरा बायांकडे, मग फोटोवरच्या कुंकवाकडे. हात आपोआप मिशीकडे गेला. तीन वर्षांचं 'बघू' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.



"चंद्रभान, सुताराला बोलाव. छप्पर बांधायचं."