पाऊल सुजलंय!

आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला, की माणिककाका त्याचं नाव-गाव विचारत नाहीत. खाली वाकून त्याच्या चपला बघतात आणि विचारतात, "पाऊल किती?"

तो बिचारा म्हणतो, "आठ नंबर."

"ते चपलेचं झालं. जमिनीवर पडतं ते किती?"

इथं तो माणूस घाबरून माझ्याकडं बघतो. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे गारखेड्यातल्या बारा बिऱ्हाडांची बोलणी खायला नेमलेली बाई. मी म्हणते, "सगळं सांगते, आधी सामान तर वर चढवा."

काका मूळचे कन्नडकडचे. उभा जन्म बिल्डरांच्या ऑफिसात बसून इमारतींचे नकाशे काढले. रिटायर झाल्यावर कुठंतरी पर्यावरणावरचं व्याख्यान ऐकून आले. वक्ता म्हणे असं म्हणाला, की प्रत्येक घराचं या धरतीवर एक पाऊल पडतं. पाणी, वीज, पेट्रोल, कचरा जितका जास्त, तितकं पाऊल मोठं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन चहा पिऊन विसरून गेला असता. काकांनी जिन्याखालचा नोटीसबोर्ड ताब्यात घेतला, त्यावर बारा रकाने पाडले आणि दर एक तारखेला घरटी एक पाऊल खडूनं काढायला लागले. नकाशे काढलेला हात तो! टाच, चवडा, अंगठा, सगळं हुबेहूब.

आमचे हे तेव्हा दर रविवारी पाइप लावून गाडी धुवायचे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, बोअर उन्हाळ्यात हात वर करणार, गेटवर टँकर उभा, आणि यांच्या गाडीला मात्र अभ्यंगस्नान! एक तारखेला आमच्या रकान्यात हे भलंमोठं पाऊल उमटलं. अंगठा तर शेजाऱ्यांच्या रकान्यात घुसलेला. खाली शेरा : "सुजलंय."

हे तणतणत गेले. "काका, ही काय बेअब्रू लावलीय?"

"बेअब्रू नाय, नकाशा हे. बरोबर मापात काढलाय. बादलीनं धुवा, सूज उतरंल."

महिनाभर यांनी काकांशी अबोला धरला आणि मग गुपचूप बादली घेतली. दहा वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, त्याला काडीची किंमत नव्हती. अंगठा शेजारी गेला तेव्हा अक्कल आली!

अशी एकेकाची सूज काकांनी उतरवली. तळमजल्याच्या मोऱ्यांचं पाणी मागच्या अंगणात वळवून तिथं केळी लावल्या. ओल्या कचऱ्याचा खड्डा स्वतः टिकाव घेऊन खणला. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा, हसा. पण साली टाकायला उद्या खाली या."

आणि नेमका त्याच अंगणावर घाला आला. कमिटीच्या डोक्यात आलं, की मागं सगळीकडं सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. चिखल नको आणि चार गाड्या जास्तीच्या लागतील.

काका सभेत उभेच राहिले. "समदं बुजवलं तर पावसाचं पाणी बोअरला जाईल कुठून? टँकरच्या मागं जल्मभर पळायचं का? मी हाये तोवर ब्लॉक बसू देणार नाय!"

लई गोंधळ झाला. हात मोजले तर पाच इकडं, पाच तिकडं. एक फ्लॅट कुलूपबंद. उरले मी. मी म्हणाले, "रविवारी सांगते."

खरं सांगू? मला ब्लॉक हवे होते. पावसाळ्यात त्या अंगणातून चालताना माझ्या दोन चपला तुटल्या होत्या. म्हटलं, काकांना आधीच गोडीत समजवावं. रविवारच्या सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खाली उतरले. एक तारीख होती. काका ओल्या फडक्यानं बोर्ड पुसत होते.

तेव्हा पहिल्यांदा माझं नीट लक्ष गेलं. काकांच्या रकान्यात पावलं दोन होती. एक त्यांचं, आणि बाजूला एक इवलंसं. सगळा बोर्ड कोरा झाला तरी ते तसंच.

काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काका एकटेच राहतात. पण माझी जीभ कसली गप्प बसते! म्हटलं, "धरलं की नाही काका! आमची मापं काढता, आणि तुमच्या घरात हे जास्तीचं पाऊल कुणाचं?"

काका फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "हिचं. चार नंबर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हिशोबानं आता शून्य पायजे, ताई. ना पाणी, ना वीज, ना कचरा. मी समद्यांना लहान करा, लहान करा म्हणतो, तिनं पार शून्य करून दाखवलं. पण पुसायला हात नाय जात."

फडकं झटकत म्हणाले, "शेवटाला दवाखान्यातून आणली, तर म्हणायची, तिसऱ्या मजल्यावर पायाला नुसती फरशी लागती हो, मातीवर न्या. मग रोज धरून खाली आणायचो. मागं, केळीपाशी. चपला काढून उभी राहायची, तेवढ्यानं खूश. ही बिल्डिंग माझ्याच हातची, ताई. एवढा नकाशा काढला, पण माणसाला पाऊल ठेवाया माती ठेवायची मला सुचलं नाय. ते अंगण ठेवलेलं नाय, माझ्या मापातल्या चुकीनं उरलेलं हे."

मी गोडीगुलाबीनं जे काय बोलायला गेले होते, ते तसंच घेऊन वर आले. जिन्यात रडले, खोटं कशाला बोलू?

रविवारी मी मातीच्या बाजूनं हात वर केला. आमच्या यांनी पुन्हा अबोला धरला, तेवढीच मला विश्रांती. अंगण वाचलं. काकांनी तिथं पावसाचं पाणी मुरवायला चर खणलाय, बोअरचं काय होतं ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल. माझी तिसरी चप्पलही तुटली. आता मी तेवढं अंगण अनवाणीच ओलांडते.

काकांचा खांदा दुखतो, म्हणून दर एक तारखेला बोर्ड पुसायचं काम मी मागून घेतलंय. भराभर पुसत येते. काकांच्या रकान्यापाशी आले, की फडकं जरा उचलून धरते.