खोटं पोट, खरा खडा

सोललेल्या द्राक्षाच्या देठाकडच्या बाजूला एक बुडबुडा अडकला होता. मोहरीच्या दाण्याएवढा, जेमतेम दिसणारा. क्षितिजाने ट्रे खिडकीच्या उजेडात तिरका धरला, कोमट जेलीत सुई हळूच खुपसली आणि बुडबुडा वर येऊन फुटेपर्यंत श्वास रोखून धरला. बाकी काहीही चाललं असतं, हवा चालली नसती. सोनोग्राफीचा आवाज पाण्यातून जातो, मांसातून जातो. हवा समोर आली की मात्र तो जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. पलीकडे काय आहे ते मग यंत्राला कळत नाही.

"झालं का तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "ओटा हवाय मला."

"झालंच, आई."

क्षितिजा मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ रेडिऑलॉजिस्टांना सोनोग्राफीच्या मागचं भौतिकशास्त्र शिकवायची. प्रात्यक्षिकासाठी एक खोटं पोट लागतं, त्याला तिथे सगळे फँटम म्हणतात. तयार फँटम विकत घेण्याचा प्रस्ताव तिच्या आधीच्या बाईंनी पाठवला होता. त्या बाई निवृत्त झाल्या, प्रस्ताव अजून नोकरीत होता. म्हणून दर वर्षी क्षितिजा ते पोट घरीच करायची. पाण्यात जिलेटिन, त्यात इसबगोल, म्हणजे पडद्यावर यकृतासारखं दाणेदार दिसतं. सोललेलं द्राक्ष म्हणजे पाण्याची गाठ. ठरावीक खोलीवर ताणलेला नायलॉनचा दोरा, यंत्र अंतर बरोबर मोजतंय का ते बघायला. आणि पित्ताच्या खड्याच्या जागी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेला एक काळा, गुळगुळीत खडा. कॅलिपरने मोजून घेतलेला, नऊ मिलिमीटरचा.

माणिकपूरच्या त्या फ्लॅटमध्ये फ्रीजचा खालचा कप्पा तिचा, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिने सांगितलं होतं आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिने ट्रे त्या कप्प्यात सरकवला, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली : 'खाऊ नये'.

ठरायची राहिलेली गोष्ट वेगळीच होती. दिवाळीत कॉलेजच्या आवारातलं क्वार्टर तिच्या नावावर निघालं होतं. दोन खोल्या, खिडकीबाहेर बदामाचं झाड. रोजचे प्रवासाचे चार तास वाचणार होते. तिने घरी विषय काढला तेव्हा संकेत, तिचा नवरा, "बघू" म्हणाला. सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. तेव्हापासून तीही "बघू"च म्हणत होती. शुक्रवारी कॉलेजच्या ऑफिसातल्या फर्डिनंडने निर्वाणीचा फोन केला होता. "मॅडम, सोमवारी हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पुढच्या नंबरवाला रोज येऊन माझा चहा पितो."

आज रविवार होता. प्रात्यक्षिकाची पानं झेरॉक्स करून घ्यायला म्हणून ती बाहेर पडली. दुकानात गर्दी होती. ती परत आली तेव्हा हॉलमध्ये सदानंदमामा बसले होते.

सदानंदमामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. ते आगाशीहून नेहमी न कळवता यायचे, कारण कळवून गेलं की लोक घरी नसतात, असा त्यांचा अनुभव होता. चार वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली होती आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या ताटातल्या मासळीकडेही ते दुःखाने बघायचे.

"सूनबाई, पुडिंग फर्स्ट क्लास," मामा म्हणाले. त्यांच्या पुढ्यातल्या काचेच्या वाटीत गुलाबाच्या सरबताचा लाल ओघळ होता. "गोडीला कमी होतं, पण आशाने वरून सरबत घातलं. दोनदा घेतलं मी. शेवया मात्र तुझ्या कच्च्या राहिल्या." आणि त्यांनी दातात अडकलेला नायलॉनचा दोरा दोन बोटांनी ओढून बशीत ठेवला.

क्षितिजा स्वयंपाकघरात गेली. ट्रे सिंकमध्ये भिजत पडला होता.

"आई, यावर चिठ्ठी होती."

"वाचली ना मी. मला वाटलं संकेतसाठी लिहिलीस. त्याची साखर वाढलीये. त्याला नाही दिलं मी."

"त्यात एक खडा होता."

"खडा?" मामा बाहेरून म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं अशी सगळ्यांची सोयीची समजूत होती. "खाण्याच्या वस्तूत?"

"खाण्याची वस्तू नव्हती ती, मामा. पोट होतं."

"कुणाचं?"

"कुणाचं नाही. शिकवायला केलेलं. खोटं."

मामांनी वाटीकडे पाहिलं. "पोट खाल्लं मी?"

बोलणं ऐकून बाहेर आलेल्या संकेतने तिला हाताला धरून आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं. "ते थिजवलं कशाने होतंस?"

"जिलेटिनने."

"म्हणजे?"

"हाडांपासून करतात."

"चायना ग्रास," संकेत म्हणाला. "कुणी विचारलं तर चायना ग्रास. माळ आहे त्यांच्या गळ्यात."

"चायना ग्रासला चिरा पडतात, म्हणून मी..."

"क्षितिजा."

मामांच्या माळेशी तिचं वैर नव्हतं. त्या बिचाऱ्यांनी नकळत खाल्लं होतं. आता कळवून काय मिळवायचं होतं?

खडा ट्रेमध्ये नव्हता. सिंकच्या जाळीत नव्हता, कचऱ्याच्या डब्यातही नव्हता. सासूबाईंनी दोनच चमचे खाल्ले होते, संकेतने काही नाही. म्हणजे उरले मामा. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. घरात एवढा गोंधळ चालला असताना त्या गप्प आहेत, हे क्षितिजाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. भावाची काळजी असेल, असं तिला वाटलं.

"घाबरू नका, मामा," ती म्हणाली. "गुळगुळीत आहे, लहान आहे. एकदोन दिवसांत आपोआप बाहेर पडेल. इसबगोलही होताच त्यात."

"म्हणजे जुलाबाची सोयसुद्धा आतच," मामा म्हणाले. "तयारीची आहेस."

मग मामांनी बरगडीच्या खाली उजवीकडे हात ठेवला. टोचतंय, असं त्यांना वाटत होतं. थोड्या वेळाने वाटत नव्हतं, टोचतच होतं.

"सोनोग्राफी करू," संकेत म्हणाला. "तुझाच तर विषय."

"सोनोग्राफीत दिसणार नाही. आतड्यात हवा असते, आवाज तिथूनच परत फिरतो. एक्स-रे काढा. दगड आहे, लगेच दिसेल."

"एक्स-रे वाईट असतो. या वयात किरण कशाला?"

"एका एक्स-रेने काही..."

"एक मिनिट. तू वर्षभर डॉक्टरांना शिकवतेस ते काय? दिसत नाही, हे?"

खरं तर एका अर्थी तेच शिकवत होती ती. कशाने काय दिसत नाही, हे आधी कळावं लागतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती, आणि तिच्या घरात अशी वेळ यायचीही नाही.

डॉक्टर कल्पेश तिचा जुना विद्यार्थी. त्याचं सेंटर रिक्षाने दहा रुपयांच्या अंतरावर होतं. मॅडमचा फोन म्हणून त्याने रविवारी शटर वर केलं. बाहेर, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, असा मोठा बोर्ड होता. मामांनी तो सावकाश, पूर्ण वाचला.

"माझी करू नका म्हणावं," ते म्हणाले.

मामा टेबलावर आडवे झाल्यावर कल्पेशने त्यांच्या पोटावर जेल ओतलं आणि यंत्राचा प्रोब हातात घेतला.

"गार आहे," मामा म्हणाले.

"लागतं, मामा. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहायला नको," क्षितिजा म्हणाली.

"तुझं सगळं हवेपाशीच अडतं."

कल्पेशने प्रोब फिरवला. पडद्यावर पांढरा झगमगाट, त्याच्यामागे मळकट काळोख. "मॅडम, गॅसच गॅस."

"हो."

तिथे त्याने थांबायला हवं होतं. पण पोट बघायला घेतलं की पूर्ण बघायचं, हे त्याला शिकवलं होतं क्षितिजानेच. त्याने प्रोब उजवीकडे, बरगडीखाली सरकवला. नासपतीच्या आकाराची काळी पिशवी दिसली. तिच्या तळाशी एक लखलखीत कड, आणि त्या कडेमागे पट्टीने आखल्यासारखी सरळ काळी सावली. खोलीत कोण कोण आहे याचा कल्पेशला विसर पडला.

"मॅडम, काय सुंदर शॅडो आहे बघा. पुस्तकात छापावी अशी." त्याने दोन टोकांना खुणा केल्या. "नऊ मिलिमीटर."

संकेत पडद्याजवळ वाकला.

"हाच तो," संकेत म्हणाला.

"तो नाही," क्षितिजा आणि कल्पेश एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणाल्यामुळे ते आधी ठरवून आल्यासारखं वाटलं.

"ही पित्ताची पिशवी आहे," क्षितिजा म्हणाली. "गिळलेली वस्तू हिच्यात जात नाही. तसा रस्ताच नाही."

"मग नऊ कसं? तुझा खडा केवढा होता?"

"नऊ. पण..."

"आणि तो तू पित्ताच्या खड्यासारखा म्हणूनच निवडला होतास ना?"

"हो."

"मग तो पित्तातच जाणार," संकेत म्हणाला.

कल्पेशने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "मामा, हा खडा खूप जुना असणार. तेलकट खाल्लं की इथे दुखायचं का कधी?"

"दुखायचं. पण तेव्हा खडा नव्हता. वात होता." मामांनी पोट पुसता पुसता त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही हिचे विद्यार्थी, नाही का?"

"हो."

"वाटलंच."

परतीच्या रिक्षात क्षितिजा मध्ये बसली होती. एका बाजूने मामा बोलत होते, दुसऱ्या बाजूने संकेत, आणि मामांच्या हातातल्या फोनमधून आगाशीहून मामी. रिक्षा माणिकपूरच्या नाक्यावर आली तोवर आगाशीत सुनेने मामांना खडा खायला घातला होता. घराशी पोचेपर्यंत तिने तो थेट पित्ताशयात ठेवला होता, आणि मामी ऑपरेशनला डबा कोण आणणार ते ठरवत होत्या.

पहिल्या तासाला ती विद्यार्थ्यांना दर वर्षी एक गोष्ट सांगायची. प्रोबमधले स्फटिक क्षणभर बोलतात आणि उरलेला सगळा वेळ ऐकतात. शंभरातला एक भागसुद्धा बोलणं नाही. ऐकण्यातूनच चित्र तयार होतं. विद्यार्थी ते लिहून घ्यायचे. तिच्या आता लक्षात आलं, की लग्न झाल्यापासून आपण या घरात दुसरं काय केलं? ऐकून ऐकून तिच्याकडे घराचं चांगलं स्पष्ट चित्र तयार झालं होतं. बघायचं तेवढं ती टाळत होती.

दिवेलागणीला मामा निघायचं म्हणू लागले. "आशा, देवापुढचा अंगारा दे. डॉक्टरांवर माझा विश्वास नाही. विशेषतः आजच्या."

"क्षितिजा, आण गं," सासूबाई सवयीने म्हणाल्या, आणि लगेच, "नको, नको, मीच आणते." पण क्षितिजा उठली होती.

देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी, छोट्या ताम्हनात, एक काळा, गुळगुळीत खडा होता. त्याला हळद होती, कुंकू होतं, वर जास्वंदीचं फूल होतं. मोजायची गरज नव्हती.

"आई, हा कुठून आला?"

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "वड्या पाडताना सुरीला लागला. शाळिग्रामासारखा दिसला. मोरीत टाकवेना मला."

"मग दुपारीच का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी समईची वात पुढे सारली. "तेव्हा सगळे तुलाच बोलत होते. मध्ये मी कशाला तोंड घालू?"

क्षितिजाने फूल बाजूला काढून ठेवलं. खडा हॉलमध्ये आणला आणि मामांसमोर टीपॉयवर ठेवला.

"हा माझा खडा, मामा. तुम्ही तो गिळलाच नव्हता. पोटातला आहे तो तुमचा स्वतःचा, कित्येक वर्षांचा. आज सापडला ते बरं झालं. उपचार करून घ्या."

मामा वाकून खड्याकडे बघत राहिले. संकेतनेही चष्मा वर करून पाहिलं. कुंकवाचा ठिपका खड्याच्या मधोमध बसला होता. या वेळी आवाज पलीकडे पोचला, असं क्षितिजाला क्षणभर वाटून गेलं.

"म्हणजे तू दोन टाकले होतेस?" मामांनी विचारलं.

"नक्की किती टाकले होतेस?" संकेत म्हणाला. "नीट आठवून सांग."

"अगं बाई," सासूबाई दारातून म्हणाल्या. "दोन चमचे मीपण खाल्लेत. तिसरा नव्हता ना?"

जिलेटिनचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने मामांच्या माळेकडे पाहिलं आणि ते गिळलं. तेवढं तिच्याजवळ राहिलं तरी चालणार होतं. दुसरं आता राहणार नव्हतं. तिने खडा उचलला, पदराला पुसला आणि पर्समध्ये टाकला.

"संकेत, मी उद्या फर्डिनंडला हो सांगतेय," ती म्हणाली. "मी क्वार्टरमध्ये राहायला जातेय."